दुसऱ्या टप्प्यावरील मच्छरदाण्या वर्षभरात का फाटल्या?

सचिव, ब-३०४
सर्व सभासदांना नमस्कार. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर आपण वर्गणी काढून, आपल्या सोसायटीच्या दुसऱ्या टप्प्याच्या बांधकामावर पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या सहा मजूर कुटुंबांना आणि आपल्या दोन्ही चौकीदारांना कीटकनाशकयुक्त मच्छरदाण्या दिल्या होत्या. मजुरांकडच्या मच्छरदाण्या बहुतेक फाटल्याचे कळले आहे. पुन्हा तेवढ्याच घ्यायच्या का, याविषयी कृपया मत कळवावे.

क-१०१
नव्या खरेदीला माझा विरोध आहे. तीन वर्षे टिकतात असे आपल्याला सांगण्यात आले होते आणि इथे एक वर्षही निघाले नाही. फुकट मिळालेली वस्तू माणूस जपत नाही, असेच मला वाटते. घ्यायच्याच असतील तर निम्मे पैसे त्यांच्याकडून घ्यावेत.

ब-४०२
मच्छरदाणीच्या आत बाळाला निजवून कामावर जाणाऱ्या बायका मी रोज गॅलरीतून पाहते. त्या ती जपत नसतील हे माझ्या मनाला पटत नाही.

अ-२०२
मी काल संध्याकाळी तिकडे जाऊन सगळ्या मच्छरदाण्या उलगडून पाहिल्या. माझी बरीचशी नोकरी गडचिरोली जिल्ह्यात, हिवतापाच्या कामात गेली, त्यामुळे भोक पाहिले की ते कशाने पडले असेल याचा अंदाज येतो. संदेश लांबणार आहे, पण तो पूर्ण वाचावा अशी विनंती करतो.

पहिली गोष्ट अशी की, आपल्या दोन्ही चौकीदारांकडच्या मच्छरदाण्या आजही धड आहेत. त्याच दुकानातल्या, त्याच दिवशी वाटलेल्या, आणि त्याही फुकटच दिलेल्या. फरक आहे तो घराचा. त्यांची खोली पक्की आहे, पलंग गुळगुळीत लोखंडी नळीचा आहे आणि गॅसची शेगडी भिंतीपलीकडे आहे.

मजुरांच्या खोलीत साधारण दहा बाय दहाच्या जागेतच चूल, धान्य, कपडे आणि झोपणे आहे. एका ताईंच्या मच्छरदाणीच्या चुलीकडच्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढी पंधरा-वीस भोके होती आणि प्रत्येकाच्या कडेला काळा, टणक मणी जमला होता. पॉलिएस्टर ठिणगीने वितळते तेव्हाच असा मणी तयार होतो. शेजारच्या खोलीतल्या मच्छरदाणीच्या खालच्या झालरीजवळ मुठीएवढे, दातेरी कडांचे भोक होते. ते उंदराचे आहे, कारण तांदळाचे पोते त्याच कोपऱ्यात टेकून ठेवलेले असते. तिसरीची चारही टोके फाटली आहेत, कारण ती सुतळीने पत्र्याच्या कडेला बांधलेली आहे आणि वारा सुटला की पत्रा हलतो, त्याबरोबर कापड ताणले जाते. बाकीच्यांचे नुकसान बहुतेक खालच्या भागात, जिथे कापड बाजेखाली खोचताना बांबूच्या चिरलेल्या टोकात अडकते.

धुण्याचेही तसेच आहे. आपल्या मच्छरदाण्यांत डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक धाग्यावर चढवलेले आहे. अशी मच्छरदाणी प्रमाणित पद्धतीने २० वेळा धुतल्यावरही परिणामकारक राहावी आणि प्रत्यक्ष वापरात तीन वर्षे चालावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. पण चुलीच्या धुराने ती आठवड्यात काळी पडते, म्हणून या बायका ती दर आठवड्याला सोड्याने धुतात आणि तापलेल्या पत्र्यावर उन्हात वाळत घालतात. म्हणजे २० धुण्या पाच महिन्यांत संपल्या, आणि उन्हाने कीटकनाशकाचा जोर आणखी लवकर गेला. यात हेळसांड कुठे आहे? उलट ज्या घरात स्वच्छतेची ओढ अधिक, तिथली मच्छरदाणी आधी निकामी झाली, हे पाहून मला फार वाईट वाटले.

क-१०१
काका, चौकीदारांच्या मच्छरदाण्यांची गोष्ट मला माहीत नव्हती. निम्मे पैसे घेण्याची माझी सूचना मी मागे घेतो. परंतु घर तेच राहणार असेल तर नव्या मच्छरदाण्यांचीही हीच गत होईल. मग खर्च कशासाठी करायचा?

अ-२०२
भाऊ, तुमचा हा प्रश्न अगदी योग्य आहे आणि माझे म्हणणेही तेच आहे, की आधी घराकडे पाहावे आणि मग खरेदीकडे. बांधकामाच्या टाक्यांतल्या स्वच्छ पाण्यात शहरी हिवतापाचा डास वाढतो, त्यामुळे या कुटुंबांना मच्छरदाणीशिवाय ठेवता येणार नाही. मात्र सगळ्या टाकून देण्याची गरज नाही. भोके मोजण्याची एक पद्धत आहे. अंगठ्याएवढ्या भोकाला १, मुठीएवढ्याला २३, डोक्याएवढ्याला १९६ आणि त्याहून मोठ्याला ५७६ असे गुण देतात. बेरीज ६४ पर्यंत असेल तर मच्छरदाणी चांगली, ६४२ पर्यंत असेल तर दुरुस्तीने चालणारी आणि त्यापुढे गेली तर बदलण्याजोगी समजतात. या हिशेबाने त्या ताईंची ठिणग्यांनी भाजलेली मच्छरदाणी अजून चांगल्यात मोडते. बदलाव्या लागतील अशा मला तीनच दिसल्या. बाकीच्यांना टाके घातले तर डास आत शिरणार नाहीत, पण धुण्यांमुळे त्यांतले औषध बरेच उतरले असणार, म्हणून पुढच्या वर्षीच्या खर्चाची तरतूद आताच धरून ठेवावी.

ब-४०२
शिवणयंत्र माझ्याकडे आहे. रविवारी दुपारी मी बसते, कुणी दोघींनी सोबत यावे. जुन्या मच्छरदाणीचेच ठिगळ लावले तर चालेल ना, काका?

अ-२०२
चालेल, ताई. ज्या तीन बाद होतील त्यांचा वरचा भाग सहसा शाबूत असतो, तोच कापून वापरावा. बाजेच्या बांबूंच्या टोकांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून बांधायची आहे, ती मी पंक्चरवाल्याकडून आणतो. धान्यासाठी झाकणाचे पत्र्याचे डबे कुणाच्या घरी पडून असतील तर द्यावेत. मच्छरदाणी टांगायला पत्र्याऐवजी लाकडी वाश्यात आकडे ठोकावेत, आणि दिवसा ती पिळून वर गाठ मारून ठेवावी, म्हणजे मुलांच्या खेळण्यात आणि चुलीच्या ठिणगीत सापडणार नाही. धुण्यासाठी साधा साबण, थंड पाणी आणि सावलीतली दोरी, एवढेच सांगायचे आहे. नव्या तीन मच्छरदाण्या वापरण्याआधी एक दिवस सावलीत मोकळ्या टांगून ठेवाव्या लागतील.

चुलीचा प्रश्न मात्र आपल्या हातात नाही. स्वयंपाकासाठी बाहेर वेगळी शेड हवी, आणि ती बांधकाम करणाऱ्यांनीच द्यायला हवी.

सचिव, ब-३०४
शेडसाठीचे पत्र मी उद्याच समितीच्या वतीने देतो. क-१०१, आपण सोबत याल का? खर्चाबद्दलची आपली शंका तिथेही उपयोगी पडेल.

क-१०१
येतो. आणि माझ्याकडे झाकणाचे दोन मोठे डबे आहेत, ते रविवारी खाली आणून ठेवतो.