सोर बुडालं की नाही? यहेज्केलाच्या पुस्तकात घुसडलेल्या सिकंदराबद्दल

बोरूबहाद्दर

परवा इथेच 'ठाम_विश्वास' यांचा लेख आला, 'अडीचशे वर्षं आधी सिकंदर सांगणारा संदेष्टा'. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बायबलमधल्या यहेज्केल या संदेष्ट्याच्या पुस्तकात, २६व्या अध्यायात म्हटलंय की सोर (आजच्या लेबनॉनमधलं टायर) नगरीचे दगड, लाकडं, माती पाण्यात टाकतील. इ.स.पू. ३३२ मध्ये सिकंदराने किनाऱ्यावरच्या जुन्या सोरचा मलबा समुद्रात ढकलून बेटापर्यंत बांध घातला आणि सात महिन्यांत शहर घेतलं. म्हणजे भाकीत शंभर टक्के खरं, टीकाकारांनी आता तोंड मिटावं. खाली हात जोडलेल्यांची ही रांग.

माझं तोंड मिटत नाही, कारण लेखकाने २६वा अध्याय वाचला आणि पुस्तक मिटलं. त्याच अध्यायात सातव्या ओवीत सोरवर कोण येणार ते नावानिशी दिलंय: बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर. तो मोर्चे बांधील, तट फोडील, त्याच्या घोड्यांच्या टापा रस्ते तुडवतील. सिकंदराचं नावही नाही, ग्रीकांचा वासही नाही.

झालं काय? सोर हे बेट. वेढा तेरा वर्षं चालला असं जुना यहुदी इतिहासकार योसेफस सांगतो. शेवटी सोरच्या राजघराण्याने बाबेलचं वर्चस्व मानलं, पण शहर काही लुटलं गेलं नाही.

आता तीन अध्याय पुढे या. २९:१७ ते २०. तारीख घातलेली आहे, बंदिवासाचं सत्ताविसावं वर्ष, म्हणजे इ.स.पू. ५७१. या पुस्तकातली ही सगळ्यांत उशिराची तारीख. तिथे यहेज्केल स्वतः सांगतो की नबुखद्नेस्सराच्या सैन्याने सोरसाठी इतके कष्ट उपसले की डोकी टकली झाली, खांदे सोलून निघाले, पण मजुरी काही हाती लागली नाही. म्हणून देव आता त्याला त्याऐवजी मिसर देतोय.

संदेष्टा स्वतः सांगतोय की ठरल्याप्रमाणे झालं नाही. आणि आपण अडीच हजार वर्षांनी त्याच्या मदतीला मॅसिडोनियाहून सैन्य पाठवतोय! ज्याने आपला हिशोब चारचौघांत मांडला त्याचाच कबुलीजबाब खोडून टाकायचा आणि वर त्याला श्रद्धा म्हणायचं.

ठाम_विश्वास

बोरूसाहेब, पुस्तक मिटलं वगैरे भाषा आपल्याकडेच ठेवा. आमच्या घरी ते पुस्तक तीन पिढ्या रोज संध्याकाळी उघडतं.

२६:३ वाचा. 'पुष्कळ राष्ट्रं', समुद्र लाटा आणतो तशी. एकामागून एक. नबुखद्नेस्सर ही पहिली लाट. ओवी ७ ते ११ मध्ये 'तो' येतो, तो तुडवतो. बाराव्या ओवीत एकदम 'ते' येतं. ते लुटतील, ते दगड पाण्यात टाकतील. 'ते' म्हणजे पुढच्या लाटा. नबुखद्नेस्सराने किनाऱ्यावरचं शहर घेतलं, बेट सिकंदराने घेतलं. दगड पाण्यात टाकून शहर जिंकायचं हे कुणाला सुचेल हो इ.स.पू. सहाव्या शतकात? याचं उत्तर द्या, मग टकलावर बोलू.

बोरूबहाद्दर

'ते' म्हणजे त्याचं सैन्य. राजा एकटा लुटायला जात नसतो.

पण सोडा, तुमचं मानू. मग चौदावी ओवी? 'तू पुन्हा बांधली जाणार नाहीस.' एकविसावी? 'शोधूनही सापडणार नाहीस.' सिकंदर गेल्यावर वीस वर्षं व्हायच्या आत, इ.स.पू. ३१५ मध्ये, त्याचाच सेनापती अँटिगोनस याला त्याच सोरला पुन्हा वेढा घालावा लागला आणि सव्वा वर्ष झगडावं लागलं. नसलेल्या शहराला? प्रेषित पौल तिथे सात दिवस राहिला, प्रेषितांची कृत्ये २१, ते तर तुमच्याच पुस्तकात आहे. आजही लेबनॉनमध्ये सूर नावाने शहर नांदतंय, १९८४ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

तर्कटराव

तुम्ही दोघंही उगाच दमताय. अनुवाद (मोशेचं पाचवं पुस्तक) १८:२२: बोललेलं घडलं नाही तर तो बोल देवाचा नव्हे. त्यांचीच परीक्षा, त्यांचाच विद्यार्थी, नापास. धागा संपला.

आणि बोरू, तुमचं ते 'प्रामाणिक संदेष्टा' प्रकरण मला जास्त डाचतं. चुकलेल्या भाकिताला प्रामाणिकपणाचं प्रशस्तिपत्र कशाला? माझ्या मावशीने एका ज्योतिष्याच्या सांगण्यावरून मुलाचं ठरलेलं लग्न मोडलं. दोन वर्षांत योग आहे म्हणाला. दोन वर्षं गेली, चार गेली. मग म्हणे वेळ चुकीची नोंदली होती, योग पुढे सरकलाय, आता ही शांत करा. त्या शांतीचेही पैसे घेतले. २९वा अध्याय मला अगदी तसा दिसतो. सोर नाही मिळालं? बरं, मिसर घ्या. आणि मिसरचंही काय झालं? चाळीस वर्षं ओसाड पडेल, माणसाचा पाय लागणार नाही असं त्याच २९व्या अध्यायात लिहिलंय. मिसर चाळीस दिवस तरी ओसाड होता का?

नगरची_माई

तर्कटराव, मावशींचं वाईट वाटलं. पण सगळं जग तुमच्या ज्योतिष्याच्या ओसरीवर बसलेलं नाही.

मी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातली. बहात्तरच्या दुष्काळात मी शाळकरी पोर होते. वडील खडी फोडायच्या कामावर होते, आई विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरायची. त्या उन्हाळ्यात वडिलांनी यिर्मया या संदेष्ट्याचा चौदावा अध्याय काढला. त्यात थोरामोठ्यांनी पाण्याला पोरं पाठवलीत, पोरं टाक्यांवर गेली, पाणी नाही, भांडी रिकामीच घेऊन तोंड झाकून परत आली. हरिणीने पाडस टाकून दिलंय, कारण गवत नाही. वडील वाचत होते आणि आई रडत होती. आमच्या घरात कुणीही विचारलं नाही की ही भविष्यवाणी १९७२ ची का. यिर्मया उद्याचं सांगत नव्हता, त्याच्या डोळ्यांपुढचं सांगत होता.

आमोस संदेष्ट्याचंही तेच. तकोवाचा गुराखी, उंबरं राखणारा. माप लहान करता, तराजू खोटा ठेवता, गरिबाला जोड्याच्या मोलाने विकत घेता, असं व्यापाऱ्यांना तोंडावर सांगतो. रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्याला त्याचा अर्थ कुणी समजावावा लागत नाही. तुम्ही सगळे मात्र सिकंदर आला की नाही मोजत बसलाय.

तर्कटराव

माई, आदर आहे. पण ही आठवण झाली, पुरावा नाही. आमोस चांगला बोलला म्हणून यहेज्केल बरोबर ठरत नाही.

शनवारतेली

आमच्याशिवाय आमच्या पुस्तकांवर भांडण रंगात आलेलं पाहून बरं वाटलं. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू आहे, मूळ अलिबागकडचा, आता ठाण्यात.

बोरूंनी जी ओळ हुडकून काढली ती आमच्याकडे लपवलेली नाही. तोरातला (मोशेची पाच पुस्तकं) 'वाएरा' हा भाग ज्या शब्बाथला (शनिवारी) असतो (साधारण जानेवारीत येतो), त्या दिवशी हफ्तारा (संदेष्ट्यांतला जोड-उतारा) म्हणून यहेज्केल २८:२५ ते २९:२१ वाचतात. म्हणजे टक्कल, सोललेले खांदे, न मिळालेली मजुरी, सगळं दरवर्षी सिनेगॉगमध्ये मोठ्याने. कुणाला घाम फुटत नाही. मिसरमधल्या पीडा तोरात, त्याला जोड म्हणून मिसरवरचा हा भाग, इतकाच मेळ.

यहेज्केल अवघड आहे हे शास्त्र्यांनाही माहीत होतं. त्याच्या मंदिराचे नियम तोराशी जुळेनात, तेव्हा हनन्या बेन हिज्कियाने माडीवर बसून तीनशे पिंपं तेल जाळलं आणि मेळ बसवला, असं तालमूद हा आमचा शास्त्रग्रंथ सांगतो. तीनशे पिंपं! आमचे पूर्वज कोकणातले तेली, त्यांचे घाणे तेव्हा जोरात चालले असते.

आणि आणखी एक. संदेष्टा म्हटलं की तुम्हाला भाकीतच आठवतं. कोकणात आमचा सगळ्यांत जवळचा संदेष्टा एलियाहू हन्नाबी (एलिया), ज्याच्या नावाचं पुस्तकच नाही. त्याच्या गोष्टी राजांच्या पुस्तकात, आणि तेही आमच्या मांडणीत संदेष्ट्यांतच मोडतं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला (घाटावरच्या नव्हे) खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. नवस फेडायचा, नवं घर, लग्नघर, काहीही असो, त्याच्या नावाने मलिदा होतो: पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा आणि पाच फळं.

खवय्या_नं_१

अवांतर: मलिद्यात साखर?? लहानपणी शेजारच्या आजींकडचा खाल्लाय, गूळच असायचा.

शनवारतेली

आजी मायाळू होत्या, तुम्हाला गूळपोहे खायला घातले असतील. मलिद्यात साखर.

दर्यावर्दी

आमच्याकडे मुसलमानांत मलिदा म्हणजे चपाती कुस्करून तूप-गूळ. दर्ग्यावर देतात. पोहे आले कुठून?

अश्दोदकर

भात पिकवणाऱ्या कोकणातून आले, आणखी कुठून येणार? इथे इस्राएलात अश्दोदला मुंबईहून येणाऱ्या प्रत्येकाला पोहे आणायला सांगतो. इथले मिळतात ते भिजवले की लगदा होतात. आमच्या घरी गूळ घालतात, आईची आई पेणची. शनवारतेली, तुम्ही तमाम समाजाच्या वतीने कधीपासून बोलायला लागलात?

शनवारतेली

ज्यांनी कोकण सोडलं त्यांनी पेणच्या नावावर कोकण शिकवू नये.

अश्दोदकर

कोकण सोडलं? तुम्ही ठाण्यात बसून कुठला घाणा चालवताय?

खवय्या_नं_१

गूळ: २, साखर: १. नोंद असावी.

बोरूबहाद्दर

अहो, यहेज्केल!

पाटीपुस्तक

मलिद्याच्या तुंबळ युद्धात घुसतोय, माफी. सगळ्यांनी एक जागा सोडलीय, यिर्मया २६.

यिर्मयाला मंदिराविरुद्ध बोलल्याबद्दल मारायला निघालेत. तेव्हा काही वडीलधारे उठतात आणि म्हणतात, हिज्किया राजाच्या काळात मीखा संदेष्ट्यानेही हेच सांगितलं होतं, सियोन (यरुशलेम) शेतासारखी नांगरली जाईल. हिज्कियाने त्याला मारलं का? तो देवाला भ्याला, देवाने अरिष्ट टाळलं. नीट पाहा, मीखाला जाऊन शंभरेक वर्षं झालीत, सियोन जागच्या जागी आहे आणि एकही वडील मीखाला खोटा म्हणत नाही. उलट न घडलेलं भाकीत दाखवूनच यिर्मयाचा जीव वाचवतात. यिर्मया १८ मध्ये तर नियमच दिलाय, राष्ट्र फिरलं तर मीही फिरेन. योनाचं निनवे तेच, चाळीस दिवसांची मुदत, लोकांनी गोणपाट नेसलं, शहर वाचलं. योनाला राग आला तो शहर वाचल्याचा.

म्हणून तर्कटराव, अनुवाद १८ ची पट्टी त्या लोकांनी स्वतःही सरळ लावली नाही. भाकीत म्हणजे त्यांच्या लेखी धमकी होती, वेळापत्रक नव्हे.

तर्कटराव

वा! 'पश्चात्ताप केला म्हणून टळलं.' आमचा ज्योतिषी म्हणायचा 'शांत केली म्हणून टळलं.' घडलं तरी मी खरा, नाही घडलं तरी मी खरा.

आणि तुमचा नियम सोरला लागतच नाही, पाटीपुस्तक. निनवेने गोणपाट नेसलं, हिज्किया देवाला भ्याला. सोरने पश्चात्ताप केला असं कुठे लिहिलंय? २९व्या अध्यायात देव 'ते सुधारले' म्हणत नाही, 'मजुरी मिळाली नाही' म्हणतो. सोर वाचलं ते समुद्रामुळे आणि आरमारामुळे.

पाटीपुस्तक

हे मात्र खरं आहे. सोरच्या पश्चात्तापाचा शब्द नाही. तुमच्यासारख्या माणसाकडून बायबलचा इतका बारकाईने वाचलेला मुद्दा यावा हे माझ्या नशिबात होतं.

तरी एक सांगा. ५७१ नंतर हे पुस्तक जुळवणाऱ्यांच्या हातात दोन्ही भाग होते. फसवायचंच असतं तर २६ मधलं एक नाव खोडणं किती अवघड होतं? त्यांनी दोन्ही ठेवले, तारखांसकट.

तर्कटराव

किंवा २६ च्या नकला आधीच इतक्या पसरल्या होत्या की खोडून उपयोग नव्हता. पण ठीक. तुमचा संपादक माझ्या मावशीच्या ज्योतिष्यापेक्षा सरळ माणूस होता, एवढं लिहून देतो. शिक्का हवा का?

नगरची_माई

शिक्का नको, भाषा जरा सरळ ठेवा म्हणजे झालं.

ठाम_विश्वास

सगळे मिळून एकावर तुटून पडलात. करा. आमच्या आजोबांना अक्षर येत नव्हतं, ऐकून ऐकून त्यांना यशयाचा त्रेपन्नावा अध्याय पाठ होता. तुमचा अँटिगोनस त्यांना ठाऊक नव्हता, काही अडलं नाही.

२९:१७ ते २० माझ्या लेखात नव्हतं, ते घालतो. पण सिकंदर काढणार नाही. मजुरी नबुखद्नेस्सराला मिळाली नाही, बरोबर, कारण ती लाट त्याची नव्हतीच.

बोरूबहाद्दर

मग सातव्या ओवीत त्याचं नाव कशाला घातलं?

ठाम_विश्वास

पहिली लाट म्हणून. वर लिहिलंय. वाचलं नाही वाटतं, पुस्तक मिटलं असेल.

अश्दोदकर

आत्ताच आईला फोन केला. ती म्हणते गूळही चालतो, साखरही चालते, खोबरं मात्र ओलंच हवं.

शनवारतेली

आईंना नमस्कार सांगा. साखर.