भाजीत कालवायची पुडी: दारू सोडवायचा आयुर्वेद हाच का?

सातपूरचा_थोरला
धाकटा भाऊ, वय 38, अंबडच्या कंपनीत. बारा वर्षं रोजची क्वार्टर, हल्ली दोन. सकाळी चहाचा कप धरताना हात थरथरतात, मग सात वाजताच 'थोडीशी' लागते. डॉक्टरकडे चल म्हटलं की "मी काय वेडा आहे?" काकूंनी जाहिरात बघून कुरिअरने पावडर मागवलीय. 'रुग्णाच्या नकळत, 100 टक्के आयुर्वेदिक', पंधरा दिवसांचे 2,400 रुपये. माझं मत सांगतो, पटत नसेल तर वाद घाला. आयुर्वेद हजारो वर्षांचा, त्याला साइड इफेक्ट नाहीत. आणि ज्याला सोडायचीच नाही त्याला औषध दुसऱ्या कुठल्या वाटेने देणार? डॉक्टर तरी काय, झोपेच्याच गोळ्या देतात.

किराईत
घालतोच वाद. पुडीवर घटक लिहिलेत? परवाना नंबर? बनवणाऱ्याचा पत्ता? नसेल तर ती आयुर्वेदिक हे कशावरून, हिरव्या पानाच्या चित्रावरून? अशा 'नकळत' पुड्यांत डायसल्फिराम कुटून घातलेलं असू शकतं. 1940 च्या दशकात डेन्मार्कमध्ये दारूवर वापरात आलेलं हे औषध, आयुर्वेदाशी त्याचा काडीचा संबंध नाही. दारूचं यकृतात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, मग त्याचा निचरा होतो. हे औषध तो निचराच अडवतं. वर क्वार्टर गेली की तोंड लालबुंद, छातीत धडधड, ओकाऱ्या, बीपी खाली. घेणाऱ्याला हे माहीत असलं की त्या धाकानेच तो बाटलीला हात लावत नाही. तुमच्या भावाला माहीतच नाही, म्हणजे तो पिणारच. हृदय अधू असेल तर जिवावर बेतेल.

गंगेकाठचा_वैद्य
आयुर्वेदावर दोघंही तावातावाने बोलताय, ग्रंथ कुणीच उघडलेला दिसत नाही. चरकाच्या चिकित्सास्थानातला 24 वा अध्याय सबंध मदात्ययावर, म्हणजे दारूने होणाऱ्या विकारांवर आहे. चुकीच्या पद्धतीने पिऊन झालेला विकार योग्य मात्रेतल्या मद्यानेच शमतो, असं त्यात चक्क म्हटलंय. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अपथ्याची सवय पाव-पाव भागाने उतरवायला सांगितलीय. मानसोपचारतज्ज्ञ दारू सोडवताना लिब्रियमची, म्हणजे त्या 'झोपेच्या गोळी'ची मात्रा दिवसागणिक कमी करत नेतात, त्यामागचा विचार यापासून फार लांब नाही.

आता 'नकळत' बद्दल. चरक रुग्णाचे चार गुण सांगतो: स्मरण असणं, सांगितलेलं पाळणं, न घाबरणं आणि आपला आजार वैद्याला नीट सांगता येणं. ज्याला औषध चालू असल्याचाच पत्ता नाही, तो काय पाळणार आणि काय सांगणार? ती पुडी आयुर्वेदाच्या नावावर खपवू नका.

नाइट_ड्यूटी
वैद्यबुवा, ग्रंथ खरा, पण घरी पाव-पाव मोजणार कोण? वहिनी? मी वॉर्डात बघते ते सांगते. अशा माणसाची एकदम बंद केली की दुसऱ्या-तिसऱ्या रात्री तो चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या वेचायला लागतो, सलाईन उपटतो, बायकोला ओळखत नाही. फिट येऊ शकते. सकाळी हात थरथरतात म्हणजे शरीर दारूवर टेकलंय. तुम्ही म्हणता त्या 'झोपेच्या गोळ्या' फिट आणि भ्रम टाळायला असतात, जोडीला बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. गल्लीतल्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोज लावून घरी आणू नका. अशांना बी-वन आधी, नाहीतर मेंदूवर जातं.

ओव्याची_पुरचुंडी
इतकं घाबरवायला नको. माझ्या सासूबाईंची चाळीस वर्षांची मिश्री ओवा-बडीशेपेवर सुटली. तलफ आली की चिमूट तोंडात. ना गोळी, ना डॉक्टर.

नाइट_ड्यूटी
मिश्री सोडली की चिडचिड होते, डोकं दुखतं, पण फिट येत नाही. दारूचं गणित वेगळं. ओवा चांगलाच, सासूबाईंना नमस्कार.

बारा_वर्षं_कोरडा
एक गोष्ट कुणी बोललं नाही. मी द्राक्षासव पिऊन दारू 'सोडलेला' माणूस आहे. घरच्यांना वाटायचं, वा, औषध अगदी वेळेवर घेतोय! महिन्याला किती बाटल्या रिचवल्या, देव जाणे. आसव-अरिष्टं आंबवूनच होतात, त्यांत अल्कोहोल असतंच. वाइनचं शहर म्हणून मिरवणाऱ्या नाशकात औषधही द्राक्षांचंच मिळालं, आता हसू येतं. आणि कुणी डायसल्फिराम घेत असेल त्याला वरून अश्वगंधारिष्ट पाजलं तर किराईत म्हणतात तोच तमाशा.

माझी सुटली ती भरती होऊन आणि पुढे एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडलेल्यांच्या गटाच्या मीटिंगांनी. पहिलं वर्ष शिफ्ट सुटल्यावरचा एक तास कुठे घालवायचा, एवढाच प्रश्न होता. त्याला पुडी नाही.

गंगेकाठचा_वैद्य
आसवांचं बरोबर. व्यसनी माणसाला मी ती लिहून देत नाही. पहिला आठवडा इस्पितळाचा, तेही मान्य. त्यानंतर झोप, भूक, अस्वस्थता यांवर ब्राह्मी, काढे, शिरोधारा यांचा उपयोग होताना रोज बघतो. अश्वगंधा मात्र यकृताचे रिपोर्ट पाहिल्याशिवाय नाही.

किराईत
म्हणजे अवघड भाग आटोपल्यावर तुमचा आयुर्वेद येणार! माणूस पुन्हा प्यायला लागू नये म्हणून नालट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट यांच्या मोठ्या चाचण्या झाल्यात. ब्राह्मीची तशी एक दाखवा.

गंगेकाठचा_वैद्य
त्या तोडीची नाही दाखवता येणार. पण ज्याला मानसोपचाराच्या पाटीचीच लाज वाटते तो माझ्या पायऱ्या चढतो, आणि तिथून मी त्याला तुमच्याकडे धाडतो. हे तुमच्या चाचणीत कुठे मोजणार?

किराईत
धाडता ना? मग माझं भांडण तुमच्याशी नाही.

सातपूरचा_थोरला
पाकिटावरच्या नंबरवर फोन करून घटक विचारले. "गुप्त फॉर्म्युला आहे" म्हणाले आणि फोन ठेवला. खरी पंचाईत पुढे आहे. काकूंनी काल दोन्ही वेळा भाजीत घातलीय. तो सहाला घरी येईल. काय करू?

नाइट_ड्यूटी
पाकीट टाकू नका, बरोबर घ्या. त्यात डायसल्फिराम असेल तर परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, तोवर दारू नको. आणि एकदम बंद केली तर मी वर लिहिलेलं. दोन्हीकडून कात्री आहे, म्हणून घरी थांबू नका. आजच सिव्हिलला न्या. प्यायलाच आणि धाप लागली किंवा छातीत दुखलं तर 108. तो ऐकत नसेल तर 14446 वर बोला, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट. पण आधी त्याला सांगा. खरं सांगा.

सातपूरचा_थोरला
सांगितलं. ताट भिरकावलं. काकू रडायला लागल्या. अर्धा तास ओट्यावर बसून होता, मग आत येऊन विचारलं, "उरलेली पुडी कुठाय?" खिशात घातली आणि म्हणाला, गाडी काढ.