दहाव्याच्या दिवशी "पिंडदान थोतांड आहे" लिहिलं, काका म्हणे पोलिसात जातो. माझं चुकलं का?

महालवाला_२७:
मागच्या आठवड्यात आजी गेली, ८४ वर्षांची होती. काल दहावा, रामटेकला अंबाळा तलावाच्या घाटावर गेलो होतो सगळे. मी नास्तिक आहे हे घरात माहीत आहे तरी आजीसाठी गेलो आणि गुपचूप उभा राहिलो. पिंड ठेवले, कावळा काही शिवेना, पाऊण तास झाला, मग "आजीची कोणती इच्छा राहिली" हे सुरू झालं आणि आत्या ढसाढसा रडायला लागली की तिला काटोलला जायचं होतं, मीच नेलं नाही. जिने शेवटची ४ वर्षं आजीचं सगळं केलं तिलाच गुन्हेगार वाटून राहिलं होतं, आणि बाजूला दक्षिणेवरून घासाघीस. डोकंच फिरलं माझं. रात्री फॅमिली ग्रुपवर लिहिलं की पिंडदान थोतांड आहे, मेलेल्याच्या नावाने जिवंत माणसाला रडवायचा धंदा आहे आणि हे करणारे सगळे मूर्ख आहेत.

मोठे काका ग्रुप सोडून गेले. फोनवर म्हणाले, धार्मिक भावना दुखावल्या म्हणून तक्रार करतो. आणि हेही म्हणाले की देवच मानत नाही तर उद्या चोरी करायला तुला कोण अडवणार. हे जास्त लागलं. आजीचे डोळे दान करायचे म्हणून त्या रात्री नेत्रपेढीला फोन काकांनीच केला होता, मला तर सुचलंही नाही. अशा माणसाने मला असं म्हणावं?

कायद्याने काही होऊ शकते का, आणि मी खरंच चुकलो का, दोन्ही सांगा.

काळाकोट_सिव्हिल_लाइन्स:
पोलिसांचं आधी सांगतो. धार्मिक भावना दुखावल्याचं कलम म्हणजे जुन्या दंडविधानातलं २९५अ, १९२७ मध्ये इंग्रजांनी आणलेलं, आता भारतीय न्याय संहितेत कलम २९९ आहे, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. पण त्याला जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान लागतो. सुप्रीम कोर्टाने १९५७ मध्ये हे कलम वैध ठरवलं तेव्हाच सांगितलं की बेसावधपणे, असा हेतू नसताना झालेला अपमान यात येत नाही. तुझ्या पोस्टवरून तो हेतू सिद्ध करणं कठीण आहे. तरी तक्रार झाली तर ठाण्याच्या चकरा होतात, वकील लागतो, आणि माणूस तिथेच थकतो. माझं तर स्पष्ट मत आहे की हे कलम नकोच, भावना किती दुखावली हे तोलायला कोणाकडे काटा आहे?

बाकी नास्तिक असणं गुन्हा नाही. घटनेच्या कलम २५ मध्ये सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे, आणि मुंबई हायकोर्टाने २०१४ मध्ये म्हटलंय की फॉर्मवर धर्म लिहायची सक्ती सरकार करू शकत नाही, "धर्म नाही" म्हणायचा हक्क आहे.

दीक्षाभूमी_जवळ:
आमच्या घरी आजोबांपासून पिंडदान नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला ते २२ प्रतिज्ञा घ्यायला बाबासाहेबांसमोर उभे होते, त्यातली सहावीच आहे, मी श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. पहिल्या तीन तर ब्रह्मा विष्णू महेश, राम कृष्ण, गौरी गणपती यांना देव मानणार नाही अशा. लाखो लोक याच नागपुरात उघड्या मैदानात मोठ्याने हे म्हणाले. तेव्हा कोणाच्या भावना दुखावल्या नसतील का? दुखावल्याच असतील. पण भावना दुखावतील म्हणून गप्प राहिले असते तर माझे आजोबा माणूस म्हणून उभेच राहिले नसते. म्हणून दुखावण्याचा हक्क हा मला चैनीचा विषय वाटत नाही, खालच्या माणसाला त्याच्याशिवाय बोलताच येत नाही.

काकांच्या चोरीच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे. त्याच २२ मध्ये चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही हेही आहे, आणि वर बसून हिशोब ठेवणारा देव त्यात कुठेच नाही. माझ्या आजोबांनी आयुष्यभर हमाली केली इतवारीत, कोणाच्या पोत्यातला दाणा उचलला नाही.

एकच सांगतो. त्या प्रतिज्ञेत "मी करणार नाही" आहे. "करणारे मूर्ख" असं नाही.

सक्करदऱ्याची_ताई:
बाबू, मी देव मानते, टेकडीच्या गणपतीले दर मंगळवारी जाते. थोतांड म्हटलं म्हणून माह्या देवाले काही होत नाही. पण तू मूर्ख कोणाले म्हटलं पाय ना, रडणाऱ्या आत्यालेच. जिच्यासाठी तुले राग आला तिलेच लागलं असन ते.
आणि काकानं नेत्रपेढीले फोन केला तो काही देवाच्या भेवानं नसन केला. डोळे ६ तासांच्या आत काढा लागते, तेवढ्या वेळात भेव कोण आठवत बसते? त्यायले वाटलं म्हणून केला. मग तुलेही तसंच वाटू शकते हे त्यायले काहून समजत नाही, हे त्यायलेच विचार.

बुधवारीचा_बडग्या:
ताईशी अर्धाच सहमत. "आज नको, दहावा आहे", मग "आज नको, सण आहे", असं करत वेळ कधीच येत नाही. आगरकरांनी नीट तर्काने लिहिलं, कोणाला शिवी दिली नाही, तरी लोकांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. दाभोलकर सांगत राहिले की देवाधर्माला विरोध नाही, शोषणाला आहे, तरी २० ऑगस्ट २०१३ ला गोळ्या घातल्या. म्हणजे भाषा मऊ केली की लोक ऐकतात हे खरं नाही. दक्षिणेची घासाघीस ज्या दिवशी होते त्याच दिवशी बोलायला पाहिजे, वर्षश्राद्धाला बोलून काय उपयोग.

दीक्षाभूमी_जवळ:
@बुधवारीचा_बडग्या, बोलायलाच पाहिजे, पण घाटावर, पैसे मागणाऱ्याच्या तोंडावर. हा तिथे गप्प राहिला आणि रात्री घरच्यांवर निघाला. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत बडगे, म्हणजे टीकेचे पुतळे, निघतात ते पाहा, महागाईचा, भ्रष्टाचाराचा, नेत्याचा. शेजारच्या घरातल्या दुःखाचा बडग्या मी आजवर नाही पाहिला. गाडगेबाबांनी रूढी मोडली ती स्वतःच्या पोरीच्या बारशाला, जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटण न देता गोडाचं जेवण दिलं. घरचं कार्य होतं, नातेवाईक समोर बसले होते, आणि लोकांचा राग त्यांनी तिथेच अंगावर घेतला.

महालवाला_२७:
घाटावर गप्प राहिलो हे खरं आहे, ते वाचून झोप नाही लागली. तिथेच म्हणायला पाहिजे होतं की आत्याला रडवू नका, कावळ्याचं आम्ही पाहतो.

सकाळी आत्याकडे गेलो, मूर्ख शब्दाची माफी मागितली. थोतांड मागे घेतलं नाही, तेही तिला सांगितलं. ती म्हणाली, मलाही वाटते आईला कावळ्याची काय गरज, पण नाही केलं असतं तर मला जन्मभर झोप लागली नसती. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

काकांना ताईंचा प्रश्न फोनवर विचारला. बराच वेळ काही बोलले नाही. तक्रारीचंही काढलं नाही. मग म्हणाले, तेरवीच्या पूजेला बसू नको, पण १५० पत्रावळी आणि द्रोण गांधीबागेतून घेऊन ये.