मदत हवी आहे : उन्हाळ्यात दुपारपर्यंत न उतरणारा, खिशाला परवडणारा डबा

वऱ्हाडी_मिरची

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघी बहिणी अकोल्यात खोली करून राहतो. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, धाकटी पॉलिटेक्निकला. खोली वरच्या मजल्यावरची, टिनाची. एक शेगडी, लहान कुकर, तवा, कढई आणि आईनं दिलेला खलबत्ता, एवढाच संसार. फ्रीज नाही आणि यंदा तरी येणार नाही. सकाळी साडेसहाला डबे भरतो आणि जेवायला एक-दीड वाजतो. तोवर डबा दप्तरात, दप्तर वर्गाच्या नाहीतर वर्कशॉपच्या कोपऱ्यात. गरम करायची सोय दोन्हीकडे नाही.

हिवाळ्यात काहीही नेलं तरी चालायचं. मार्च लागला आणि सगळं बिघडलं. बटाट्याच्या भाजीला तार सुटते, वरण-भात आंबतो. परवा धाकटीनं वांग्याचा डबा उघडला तर झाकणाला आतून थेंब लोंबत होते आणि आंबूस वास येऊन राहिला होता. मग समोसा किंवा आलूपोंगा खाऊन दिवस काढायचा. पैसे जातात ते जातातच, वर चार वाजता पुन्हा भूक.

आमच्या अटी सांगते. एका डब्याला पंचवीस रुपयांच्या वर जाता येत नाही. सकाळी शेगडीजवळ अर्धा तास मिळतो. गावाकडून ज्वारी, तूरडाळ, हरभराडाळ आणि जवस येतं. तेल, शेंगदाणे, भाजीपाला विकत. अंडी खातो. चटणी-भाकरीला माझी ना नाही, पण धाकटी म्हणते दुपारी भाकर चामड्यासारखी होते, आणि तिचं खोटं नाही. परीक्षा मे महिन्यात संपते, तोवर निभवायचं आहे. आणि कृपा करून सँडविच सुचवू नका, ब्रेडचा पुडा दोघींना दोन दिवस पुरत नाही.

बार्शीलाईट

अहो, ज्वारी आणि खलबत्ता घरात असताना काळजी कसली! सोलापूरकडे कडक भाकरी करतात ती याच उन्हासाठी. पातळ थापायची, तव्यावर नेहमीसारखी भाजायची आणि मग मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत पार पापडासारखी कुरकुरीत होऊ द्यायची. त्यात पाणीच उरत नाही, म्हणून ती महिनोन्महिने टिकते. रविवारी बसून आठवड्याच्या करून डब्यात भरून ठेवा. मऊ भाकरीचं चामडं होतं. ही मुळातच कडक, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

सोबत शेंगदाण्याची चटणी. दाणे मंद आचेवर भाजा. घाई केली तर बाहेरून काळे आणि आतून कच्चे राहतात. गार झाल्यावर सालं पाखडा, मग लसूण, जिरं, लाल तिखट, मीठ घालून कुटा. मिक्सर नाही हे तुमचं भाग्यच आहे. मिक्सरमध्ये कोरडा कूट होतो; खलबत्त्यात कुटता कुटता तेल सुटतं आणि चिमटीत दाबली तर चटणी गोळा धरते. तिथं थांबायचं. थेंबभरही पाणी नको, ओला चमचा नको. पंधरा दिवस सहज राहते. जवसाचीही अशीच, फक्त जवस तडतडेपर्यंत भाजा, नाहीतर दाताला चिकटते.

भाजणीआजी

पोरी, रोज कडक भाकरी खाऊन जबडे दुखतील तुमचे. आठवड्यातून दोनदा दशम्या कर. पाण्याचा थेंब न घालता दुधात पीठ भिजवायचं, चिमूटभर मीठ, चमचाभर तेल. गव्हाची होते, ज्वारीचीही होते. गूळ घालायचा तर कोमट दुधात विरघळवून घे, उकळत्या दुधात घातलास तर दूध फाटेल. आमच्या वेळी लांबच्या प्रवासाला दशमी आणि तिळाची चटणी, एवढंच असायचं, आणि दुसऱ्या दिवशीही मऊ. या उन्हात मात्र ज्या दिवशीची त्याच दिवशी संपवायची.

दुसरं धपाटं. ज्वारीचं पीठ दोन वाट्या, बेसन अर्धी, कणीक अर्धी. तीळ, ओवा, हळद, लसूण-मिरचीचा ठेचा. कांदा घालू नकोस, उन्हाळ्यात कांदाच आधी दगा देतो. कोथिंबीर, म्हणजे तुमच्याकडचा सांबार, घालायचा तर धुऊन पुसून कोरडा. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाक, बोटानं भोकं पाड, भोकांत तेल सोड. दोन्हीकडून खरपूस हवं. बेसनामुळं ते भाकरीसारखं ताठ होत नाही, धाकटीला चालेल.

आणि भाकरीच हवी असेल तर पीठ उकळत्या पाण्यात मळ. गरम भाकरीला तेलाचं बोट फिरव, सुती फडक्यात गुंडाळ. ओलसर राहते.

लॅबमधला

अन्नतंत्रज्ञान शिकवतो, म्हणून थोडं रुक्ष बोलतो.

पदार्थ कोणता यापेक्षा त्यात पाणी किती आणि तो डब्यात जाताना किती गरम, यावर सगळं ठरतं. साधारण 5 ते 60 अंश सेल्सियस या टप्प्यात जिवाणू वाढतात, आणि 30-40 अंशांच्या आसपास त्यांची चंगळ असते. तुमच्या टिनाच्या खोलीत सकाळी सातलाच तेवढं असतं. वर तुम्ही भाजी गरम भरून झाकण लावलंत, की वाफ झाकणाला आदळून परत भाजीवर पडते. ते थेंब म्हणजे भाजीवर आयतं शिंपलेलं पाणी.

तेव्हा पहिलं काम : भाजी कढईतून पसरट ताटलीत काढा, पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटं ठेवा, पूर्ण गार झाल्यावर भरा. डबा धुऊन नुसता उपडा ठेवू नका, कोरड्या फडक्यानं पुसा; झाकणाच्या रबराखाली पाणी आणि कालचं खरकटं राहतं.

भात मे महिन्यापर्यंत विसरा. तांदळात बॅसिलस सेरिअस या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, आणि त्यांच्यातले काही जे विष सोडतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणजे कॉलेजात ओव्हन असता तरी उपयोग नव्हता. उकडलेला बटाटा, ओलं खोबरं, पनीर, मोडाची उसळ, पातळ वरण हेही याच यादीत.

भाजी हवीच असेल तर तेलावर परतलेली, पाण्याचा हबका न मारलेली : गवार, कारलं, भेंडी. कोरडा झुणकाही चालेल, पण कांदा अगदी तांबूस होईपर्यंत परता आणि झुणका मोकळा होऊ द्या. लिंबू, आमचूर, चिंच घातलं की वाढ मंदावते. थांबत नाही, मंदावते.

रात्रपाळीवाला

उकडलेली अंडी न्या की. दोन अंडी, पोट टम्म, सालासकट नेलं की प्रश्नच नाही.

लॅबमधला

पोट भरतं, खरं. पण उकडलेलं अंडं बाहेर ठेवायचं तर दोन तास, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा सर्वसाधारण नियम आहे. उकडताना सालावरचा संरक्षक थर जातो, त्यामुळं कच्च्या अंड्यापेक्षा उकडलेलं लवकर बिघडतं. अंडी रात्रीच्या जेवणात खा, डब्यात नको.

डोंबिवली_फास्ट

एकदाच खर्च करून गरम राहणारा डबा घेऊन टाका ना. माझ्या मुलासाठी घेतलाय, लोकलमध्ये दीड तास जातो तरी वरण गरम असतं.

लॅबमधला

दीड तास आणि सात तास यात फरक आहे. चांगला निर्वात डबा असेल, आधी उकळतं पाणी घालून तापवला असेल आणि अन्न वाफाळतं भरलं असेल, तर काही तास 60 अंशांच्या वर राहतं. बाजारातला स्वस्त, प्लॅस्टिकच्या कवचाचा डबा दुपारपर्यंत 40-45 वर येतो. म्हणजे जिवाणूंना हवं तेच तापमान तो जपून ठेवतो. त्यापेक्षा साधा स्टीलचा डबा आणि गार अन्न बरं.

जुना_होस्टेलकर

हिशोब कुणीच मांडला नाही, म्हणून मी मांडतो. तुमच्या बाजारात भाव थोडे इकडेतिकडे होतील.

दोन मोठी धपाटी : सव्वाशे ग्रॅम पीठ, विकत धरलं तरी सात-आठ रुपये, तेलाचे दोन. शेंगदाणा चटणी 30 ग्रॅम, पाच रुपये. मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा, चार-पाच रुपये. एक काकडी किंवा गाजर, चार रुपये. झाले बावीस ते चोवीस. ज्वारी घरची, तेव्हा तुमचं वीसच्या आत बसेल.

फुटाण्यांना हसू नका. शंभर ग्रॅम फुटाण्यांत साधारण वीस ग्रॅम प्रथिनं असतात, शेंगदाण्यांत पंचवीसच्या आसपास. चार वाजताची भूक समोशानं भागत नाही याचं कारण तिथंच आहे. आम्ही मेसच्या सुट्टीला फुटाणे, मुरमुरे, कच्चं तेल, मेतकूट आणि मीठ एका पिशवीत हलवून खायचो. मेतकूट-तेल छोट्या डबीत वेगळं न्यायचं आणि खाताना मिसळायचं, नाहीतर मुरमुरे सादळतात.

काकडी-गाजर चिरून नेऊ नका, अख्खं धुऊन पुसून न्या आणि तिथंच चावून खा. लिंबूही अख्खं.

वऱ्हाडी_मिरची

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. झाकणाच्या रबराखालची घाण आत्ता काढून पाहिली, काय होतं ते सांगत नाही.

असं ठरवलंय : सोम-बुध-शुक्र धपाटी, मंगळ-गुरु दशमी नाहीतर तेलाच्या बोटाची भाकर, शनिवारी अर्धा दिवस असतो तेव्हा कोरडा झुणका. दोन्ही चटण्या रविवारी. कडक भाकरीचा प्रयोग धाकटीला न सांगता करणार आहे.

दोन शंका. एक, दहीभाताचं काय? तो आंबटच असतो ना, मग चालायला हवा. दोन, डबा थोडा तरी गार राहील अशी काही युक्ती?

भाजणीआजी

दहीभात करायचा तर दही कालवून नाही न्यायचा. भात शिजवून गार करायचा, त्यात भरपूर गार दूध आणि चमचाभरच दही. सात वाजता कालवला तर एकपर्यंत आपोआप विरजतो. आमच्याकडे असाच नेत.

लॅबमधला

आजींची पद्धत कालवून नेलेल्या दह्यापेक्षा बरी, दही जोमात लागलं तर आम्लता लवकर वाढते. पण भात ताजा, सकाळीच शिजवलेला हवा, रात्रीचा नाही. आणि 44 अंशांत सात तास म्हटल्यावर मी स्वतः नेणार नाही. त्यापेक्षा कॉलेजजवळ ताकाचं न उघडलेलं पाकीट मिळत असेल तर ऐनवेळी घ्या आणि धपाट्याबरोबर प्या.

गारव्याचं सांगतो. तुमच्याकडे कूलर ज्या कारणानं चालतो तेच वापरा. वऱ्हाडातली हवा कोरडी, पाणी झपाट्यानं उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा ओल्या सुती फडक्यात गुंडाळा आणि दप्तरात कोंबू नका. कापडी पिशवीत घालून खिडकीशी, सावलीत, वारा लागेल असा टांगा. फडकं सुकलं की पुन्हा भिजवा. डबा बाहेरच्या हवेपेक्षा काही अंश गार राहील. कोकणात किंवा मुंबईत हे जमणार नाही, तिथं फडकं नुसतं ओलं राहतं. आणि हे धपाटी-भाजीसाठी. यानं भात वाचेल असं समजू नका.

वऱ्हाडी_मिरची

वर्कशॉपमध्ये खिडकी आहे, ग्रंथालयातही आहे. जमेल.

शेवटचं विचारते. सकाळचा वेळ वाचावा म्हणून धपाट्याचं पीठ रात्रीच मळून ठेवलं तर?

भाजणीआजी

नको गं. सकाळपर्यंत आंबून फुगेल. पिठं, तीळ, ओवा, हळद, मीठ सगळं कोरडंच कालवून मोठ्या डब्यात आठवड्याचं भरून ठेव. सकाळी दोन वाट्या काढायच्या, ठेचा घालायचा, पाणी घालायचं, लगेच थापायचं. ठेचाही तेलावर परतून ठेव, चार दिवस राहील.