सौभद्रातल्या साक्या-दिंड्या कापायच्या का?

फोंड्याचा_तालीममास्तर:
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या देवळात उत्सवाला दरवर्षी संगीत नाटक होतं, नट सगळे गावचेच. यंदा अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ आहे, अर्जुन-सुभद्रेच्या लग्नाची गोष्ट. गेली २२ वर्षं पोरांना पदं मी बसवतो. माझे वडील रुक्मिणीची भूमिका करायचे, चाली त्यांच्याच तोंडून शिकलो.

कमिटी म्हणते, नाटक अडीच तासांत बसवा, गाजलेली पदं ठेवा, साक्या-दिंड्या (म्हणजे साध्या चालीत म्हणायची, कथा पुढे नेणारी छोटी पद्यं) काढा. शिवाय ऑर्गन-तबल्याचा खर्च नको, आधीच रेकॉर्ड केलेल्या साथीचा ट्रॅक लावा. वेळेचं मला पटतं, पहाटेपर्यंत बसणारा प्रेक्षक आता उरला नाही. पण दिंड्या काढायच्या म्हटलं की पोटात कालवतं, आणि का ते बैठकीत मला धड सांगता आलं नाही. गाजलेली पदं मैफलीत ऐकायला मिळतात, यूट्यूबवर मिळतात. साकी मैफलीत कोण गातं? ती नाटकातच जगते.

परवाच्या तालमीत आमची सुभद्रा, बारावीतली मुलगी, बोलता बोलता दिंडीत शिरली. तान नाही, आलाप नाही, नुसते स्वच्छ शब्द. मागे खुर्च्या मांडणारी पोरं हातातलं काम सोडून ऐकत राहिली. हे कमिटीला कसं सांगू?

पायपेटी_सांगली:
मास्तर, ट्रॅकला अजिबात हो म्हणू नका. मी तीस वर्षं ऑर्गनवर बसतोय. कृष्ण काळी एकच्या पट्टीत गातो, रुक्मिणी काळी चारच्या, आणि दोघं एकाच प्रवेशात. त्याचं शेवटचं वाक्य संपता संपता मला तिचा षड्ज, म्हणजे तिच्या पट्टीतला सा, हळूच द्यावा लागतो. नट वाक्य विसरला, विंगेतून प्रॉम्प्टरचा आवाज पोचला नाही, तर तो सावरेपर्यंत मी सूर धरून ठेवतो. वन्समोअर आला तर पुन्हा उचलतो. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही, मग पोरं गाण्याऐवजी ट्रॅकच्या मागे धावायला लागतात.

आणि जुनं ध्वनिमुद्रण आहेच की, असं कुणी म्हणालं तर सांगा: जुन्या ७८ आरपीएमच्या ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. रंगमंचावर तेच पद कितीतरी वेळ रंगायचं. तबकडीत राहिलं ते तेवढंच. बाकीचं एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात आलं.

पुण्याची_प्रेक्षक:
थोडं वेगळं मत मांडते, राग मानू नका. किर्लोस्करांनी १८८२ मध्ये सौभद्र रंगभूमीवर आणलं तेव्हा त्यात शंभराहून जास्त पदं होती. आज कुणीच ती सगळी गात नाही, म्हणजे कात्री आधीपासून चालतेच आहे. कमिटीला शत्रू समजू नका. मात्र कापायचंच तर गाजलेल्या पदांतल्या लांबलेल्या ताना कापा. कथा पुढे नेणारी साकी काढली तर पुढच्या प्रवेशात कोण कशासाठी आलं तेच कळत नाही. मी आजीच्या मांडीवर बसून सौभद्र पाहिलं. राग कुठला ते कळत नव्हतं, पण दिंडीतला शब्द न शब्द कळत होता.

फोंड्याचा_तालीममास्तर:
ताई, तानांचा मुद्दा मला सुचलाच नव्हता. कृष्णाला जरा वाईट वाटेल, त्याला मी समजावतो. पायपेटीवाले दादा, षड्जाचं तुम्ही लिहिलंत ते बैठकीत जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे. तबलजी गावातलाच आहे, त्याचा प्रश्न नाही. ऑर्गनवाल्याच्या मानधनासाठी आमच्या घरून काही रक्कम घालू, वडिलांच्या नावाने.

आता एक मदत हवी. दुसऱ्या अंकातल्या एका साकीची चाल मला अर्धीच येते. वडील पहिल्या दोन ओळी गायचे आणि पुढे खोकला यायचा, शेवटची काही वर्षं असंच चाललं. साक्या मूळच्या कीर्तनातल्या, म्हणून एका कीर्तनकारबुवांनाही विचारलं, पण त्यांची चाल वेगळी निघाली. कुणाच्या घरी जुने नट असतील तर त्यांच्याकडून फोनवर गाऊन घ्या आणि पाठवा. आवाज थरथरला तरी चालेल.