सीमाप्रश्नाची केस थेट सुप्रीम कोर्टात कशी काय?

कोथरूडकर: माझं आजोळ निपाणीचं, आम्ही पुण्यात. विषय निघाला की आजी अजून हळवी होते. महाराष्ट्राने सीमाभागासाठी कर्नाटकाविरुद्ध २००४ ला डायरेक्ट सुप्रीम कोर्टात दावा लावला ना, आधी हायकोर्ट का नाही?

वकीलताई: राज्यघटनेचं कलम १३१. राज्य विरुद्ध राज्य असा कायदेशीर हक्काचा वाद फक्त सुप्रीम कोर्टच ऐकतं आणि हे अपील नसतं बरं का, मूळ दावाच असतो, म्हणजे कैफियत (दाव्याला लेखी उत्तर), मुद्दे, साक्षीपुरावे सगळं तिथेच, म्हणून तर इतकी वर्षं जातात. आपला दावा ८६५ गावांचा, बेळगाव, कारवार, निपाणी धरून. कर्नाटक म्हणतं की कलम ३ प्रमाणे सीमा ठरवणं संसदेचं काम, कोर्टाचं नाही. मला स्वतःला हा आक्षेप पटत नाही, लोकांनी दाद मागायची कुठे मग?

पेठेतला: कृष्णेच्या पाण्याचं पण तिथेच का?

वकीलताई: नाही, पाण्याला कलम २६२ आणि १९५६ चा वेगळा कायदा, त्यात लवाद नेमतात.

कोथरूडकर: थँक्स ताई. केंद्राने सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला द्यायची शिफारस होती, बेळगाव मात्र नाही. आजी म्हणते, बेळगाव मागे ठेवून आम्ही कसं यायचं?