मदत हवी आहे: आमच्या गाळ्याच्या पत्त्यावर भलतीच फर्म

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत बाबांचा जुना गाळा आहे. पूर्वी टॉवेलचे आठ माग होते, आता चारच चालतात, म्हणून पुढची बाजू गेल्या वर्षी एकाला गोडाऊनसाठी दिली. अकरा महिन्यांचा करार, स्टॅम्पवर, नोटरी करून. ‘अकरा महिन्यांना रजिस्टर लागत नाही’ असं एजंट म्हणाला आणि आम्ही माना डोलावल्या. आता कळतंय की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी लागतेच, तीही मालकानेच करायची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं!

तो दिवाळीनंतर कुलूप लावून गेला, फोन बंद. सोमवारी जीएसटीचे दोन अधिकारी दारात. विचारत होते त्या फर्मचं नावही आम्ही ऐकलेलं नाही. पोर्टलवर पाहिलं तर पत्ता आमचाच. लाइटबिलाची झेरॉक्स आम्हीच भाडेकरूला दिली होती, पण अधिकाऱ्यांनी दाखवलेलं संमतीपत्र (जागा वापरायला मालकाची हरकत नाही असं पत्र) बाबांचं नाही. बाबा सहीखाली दोन टिंबं देतात, त्यावर एकच आहे.

आधी पोलिसांत जावं की जीएसटी कार्यालयात लेखी हरकत द्यावी? त्याचं कुलूप आम्ही तोडलं तर उलट आमच्यावरच शेकेल का? आत काही गाठोडी दिसतात फटीतून. असं कुणी निस्तरलं असेल तर सांगा. सोलापुरात अशी कामं करणारा वकील माहीत असेल तर मेसेज करा. बाबांना रात्रभर झोप नाही.